साखरेचं मीटर किती खरं बोलतं?



आपल्याकडे आता बऱ्याच घरांत साखर तपासायचं मीटर दिसतं. सकाळी बोट टोचायचं, आकडा पाहायचा आणि त्यावरून गोळी कमी-जास्त करायची, असंही चालतं. म्हणून या मशीनचा इतिहास सांगतो. तो कळला की आकड्यावर किती भरवसा ठेवायचा तेही कळतं.

आधी रक्त नाही, लघवी तपासत. 1908 च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्टने एक निळं द्रावण काढलं. त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचं. रंग हिरवा, पिवळा की विटकरी, त्यावरून अंदाज. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. आणि साखर घसरून माणूस घामाघूम झाला, तर ही तपासणी काहीच सांगत नसे.

1965 मध्ये अ‍ॅम्स कंपनीची रक्ताची पट्टी आली. थेंब टाका, मिनिटभर थांबा, पाण्याने धुवा, रंग तक्त्याशी जुळवा. पण प्रत्येकाची नजर वेगळी! म्हणून 1970 साली त्याच कंपनीने रंग मोजणारं मशीन आणलं. ते किलोभराहून जड, महागडं आणि फक्त डॉक्टरांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही इंजिनिअरने डॉक्टर बायकोच्या नावावर ते मिळवलं आणि घरीच रोज अनेकदा रक्त तपासू लागला. मशीन घरात आलं ते अशा लोकांच्या हट्टामुळे.

घरात आलं म्हणजे चुकण्याची मुभाही ठरवावी लागली. 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार 100 पैकी 95 आकडे लॅबच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत हवेत, आणि साखर 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत. म्हणजे लॅबमध्ये 200 असेल, तर एक मीटर 170 दाखवेल, दुसरं 230. दोन्ही पास!

महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. आयसीएमआरच्या इंडियाब पाहणीत आपल्या राज्यात मधुमेहाचं प्रमाण 8.4 टक्के निघालं, 2011 साली ते छापून आलं. ती पाहणीही बोटातल्या रक्तावर, मीटरनेच केलेली. हजारो लोकांच्या हिशोबात थोडं इकडे, थोडं तिकडे खपून जातं. एका माणसाच्या इन्सुलिनच्या डोसात ते खपत नाही.

त्यात आपली परिस्थिती बघा. बहुतेक पट्ट्या 30 अंशांच्या आत ठेवायच्या असतात, आणि आपल्या मे महिन्यात पारा 40 च्या वर. डबी उघडी राहिली की पट्टी हवेतली ओल धरते. अंगात रक्त कमी असेल तर बरेच मीटर साखर जास्त दाखवतात, आणि आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायांना रक्तक्षय आहे. संत्रं सोलून तसंच बोट टोचलं तरी आकडा फुगतो. जपानमध्ये हे तपासलंय. स्पिरिटचा बोळा पुरत नाही, हात पाण्यानेच धुवावे लागतात.

मीटर तपासायची रीत सोपी आहे. लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला जाताना ते सोबत न्या. शिरेतून रक्त काढलं की लगेच, काही न खाता, धुतलेल्या कोरड्या बोटाचा थेंब घ्या. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा. जेवणानंतर तुलना करू नका, तेव्हा बोटातलं आणि शिरेतलं रक्त मुळातच वेगळा आकडा देतं. फरक 15 टक्क्यांच्या वर असेल तर नवी पट्टी लावून पुन्हा पाहा. तरी तसंच आलं तर डॉक्टरांना दाखवा. मीटरसोबतचं कंट्रोल सोल्युशन मिळालं तर तेही वापरा.

आणि एक मागणी. गावात 30 वर्षांवरच्यांची साखर तपासतात, चांगलंच आहे. पण तिथलं मीटर शेवटचं कधी तपासलं, ती तारीख रजिस्टरवर दिसावी. ग्रामसभेत एवढं विचारायला काय हरकत आहे? किराणा दुकानातला काटा आपण तपासून मागतो. हा काटा तर जिवाचा आहे.

स्वतःच्या मनाने गोळी बदलू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा.