प्लेगचे क्रूस आणि गरिबांचीं घरें

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची आपणां ख्रिस्ती लोकांत चाल आहे. देऊळ कोणीं बांधलें, कोणकोणते धर्मगुरु होऊन गेले, ह्याची नोंद अशा पुस्तिकांतून होतच असते. आम्ही येथें निराळ्या एका आठवणीकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. मुंबईच्या व वांद्र्याच्या जुन्या ख्रिस्ती वाड्यांतून फिरतांना वाटेच्या कडेला, अंगणांत, चौकांत क्रूस उभे दिसतात. त्यांपैकीं कित्येक १८९६ सालीं शहरांत प्लेग शिरल्यानंतर, रोगापासून रक्षण व्हावें म्हणून किंवा रक्षण झालें म्हणून कृतज्ञतेनें, आपल्या समाजांतील वडीलधाऱ्यांनीं उभारले. त्यांच्यापुढें आजही मेणबत्त्या लागतात आणि जपमाळ म्हटली जाते. परंतु त्या क्रुसांमागील इतिहास पुष्कळांस ठाऊक नाहीं. तो केवळ एका रोगाचा इतिहास नव्हे. एकाच शहरांतील प्रशस्त बंगले आणि कोंदट खोल्या ह्यांमधील अंतराचा तो इतिहास होय.

त्या सालच्या सप्टेंबरांत गोदीजवळच्या मांडवी भागांत एक विलक्षण ताप सुरू झाला. कांखेंत किंवा जांघेंत गांठ येई आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावे. हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे, असें निदान डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस ह्यांनीं केलें. हे गोव्यांतील हडफडें गांवचे, आपल्याच धर्माचे गृहस्थ. व्यापारावर जगणाऱ्या शहरांत प्लेगचें नांव उच्चारणें सोपें नव्हतें. पण ते कचरले नाहींत. पुढें ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभारलेला आहे.

मांडवीसच रोग आधीं कां दिसला, ह्याचें कारण तेथील धान्याच्या वखारींत होतें. जेथें धान्य तेथें उंदीर. प्लेगचे जंतु येर्सिन ह्या शास्त्रज्ञानें १८९४ सालीं हाँगकाँगांत शोधून काढले होते. परंतु उंदराच्या अंगावरील पिसवा ते माणसापर्यंत पोंचवितात, हें सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून दाखविलें तें १८९८ सालीं, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. उंदीर मेला कीं पिसवा त्यास सोडतात आणि जवळ जें शरीर सांपडेल त्यास चावतात. म्हणून वखारींच्या व गिरण्यांच्या आसपासच्या चाळींत, बिनखिडकीच्या एकेका खोलींत, जमिनीवर अंथरूण टाकून दाटीनें निजणारीं माणसें प्रथम बळी पडलीं. रोगानें गरिबांस हेरलें नव्हतें. त्यांच्या घरांनींच त्यांस रोगाच्या वाटेवर ठेविलें होतें.

अधिकाऱ्यांस मात्र त्या वेळीं घाण व दूषित हवा हेंच रोगाचें मूळ वाटे. गटारांतून समुद्राचें पाणी व कार्बोलिक अॅसिड सोडण्यांत आलें, भिंतींस चुना लावला, ऊन आंत यावें म्हणून छपरांचीं कौलें उतरविलीं. ६ ऑक्टोबर १८९६ रोजीं म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनीं जाहीरनामा काढून, रोग्यांस सक्तीनें इस्पितळांत नेण्याचा अधिकार घेतला. इस्पितळांत गेलेलीं पुष्कळ माणसें परत येत नसत. मायलेकरांची ताटातूट होई. जातीच्या व सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पना दुखावत. अफवा उठल्या, आणि महिनाअखेरीस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला.

ह्यानंतर नियम कांहींसा सैल करण्यांत आला. ज्या घरीं रोग्यास वेगळें ठेवून औषधोपचार करतां येईल, तेथून त्यास हलवूं नये, असें ठरलें. वाचकांनीं ह्या सवलतीचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावा. बंगल्यांत राहणाऱ्याजवळ वेगळी खोली होतीच. जेथें आईबाप, मुलें, पाहुणे व चूल एकाच खोलींत, तेथें ती कोठून आणावी? नियमांत श्रीमंत किंवा गरीब हे शब्द नव्हते. तरी सवलत कोणाची आणि इस्पितळाची गाडी कोणाची, हें घराच्या भिंतींनींच ठरवून टाकलें.

नियम सैल करण्यास आणखी एक कारण होतें. शहराचा मैला व केरकचरा उचलणारे हलालखोर भीतीनें पळून जातील, अशी धास्ती अधिकाऱ्यांस पडली होती. ते गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती. ज्यांच्या हातचें पाणी कोणी घेत नसे, त्यांच्याच हातीं साऱ्या शहराचा जीव होता. गिरण्यांतही तसेंच घडलें. १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणें मुंबईंत ८,२१,७६४ माणसें होतीं. १८९७ च्या आरंभीं त्यांपैकीं सुमारें निम्मीं शहर सोडून गेलीं. मजूर मिळेनासे झाले, तेव्हां महिन्याच्या पगारासाठीं खोळंबविणारे मालक रोजची मजुरी रोज देऊं लागले. पळणाऱ्यांबरोबर रोगही कोंकणांत व देशावर पसरला.

फेब्रुवारी १८९७ मध्यें सांथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सक्तीस नवें बळ आलें. पुण्यास रँडसाहेबांच्या हाताखालीं गोरे शिपाई घरोघर शिरून झडत्या घेऊं लागले. लोकांचा संताप अनावर झाला, आणि २२ जून रोजीं, राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या रात्रीं, चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली. त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले ह्यांनीं आपला पुत्र डॉ. यशवंत ह्याच्या साहाय्यानें प्लेगच्या रोग्यांची सेवा आरंभिली होती. शुश्रूषा करतांना त्यांनाही तो रोग जडला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. एका हातांत बंदूक, दुसऱ्या हातांत रोग्याचें डोकें. लोकांनीं कोणास दार उघडलें असतें, हें सांगणें नको.

मुंबईंतही हळूहळू हेंच प्रत्ययास आलें. निरनिराळ्या जातीजमातींनीं आपआपलीं रुग्णालयें काढलीं, तेथें आप्तांस भेटतां येई, आणि लोक आपण होऊन रोग्यास आणूं लागले. हाफकिन ह्या शास्त्रज्ञानें प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम आपणा स्वतःस टोंचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगांतील राजी झालेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. मार्च १८९८ मध्यें मुंबईंत पुन्हा दंगा झाल्यावर सक्तीचा जोर कमी होत गेला, आणि समजूत घालून काम करण्याकडे सरकारचा कल वळला.

घरांचें काय झालें? १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. हवा खेळूं लागली, हें खरेंच. परंतु आरंभींच्या वर्षांत जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहींत, आणि उठविलेलीं कुटुंबें शेजारच्या गल्लींत आणखी दाटीनें राहूं लागलीं. दाटी नाहींशी झाली नाहीं. तिनें फक्त बिऱ्हाड बदललें.

हा सर्व जुना काळ झाला असें कोणी म्हणेल. परंतु १८९७ चा तोच कायदा मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या सांथींत महाराष्ट्रांत पुन्हा लागू झाला. त्याच वर्षीं जुलैंत मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासण्यांत आलें, तेव्हां झोंपडपट्टींतील सुमारें ५७ टक्के लोकांस तो रोग होऊन गेल्याची खूण आढळली. त्याच विभागांतील इतर वस्तींत हें प्रमाण सुमारें १६ टक्के होतें. घरीं अलग राहा, वारंवार हात धुवा, असा उपदेश सर्वांस सारखाच झाला. पण एका खोलींत सारें कुटुंब आणि सार्वजनिक नळावर रांग, अशांस तो पाळतां येणें कठीण होतें.

आम्ही सक्तीस सरसकट दोष देत नाहीं. सांथींत रोगी वेगळा ठेवावाच लागतो, आणि कांहीं बंधनें सर्वांनीं सोसावीं लागतात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याच्यापाशीं वेगळी खोली नाहीं त्यास बंधन घालण्यापूर्वीं ती खोली, तें पाणी आणि त्या दिवसाची भाकर पुरविणें हें समाजाचें काम होय. एरव्हीं नियम कागदावर सर्वांचा आणि प्रत्यक्षांत गरिबांचा होतो, व मग रोग लपविला जातो.

ज्युबिलीच्या दिवशीं आपण त्या क्रुसांपुढें उभे राहूं तेव्हां प्लेगांत गेलेल्यांसाठीं प्रार्थना करूंच. त्याबरोबर आपल्या धर्मग्रामांत एका खोलींत राहणारीं घरें किती, आणि उद्यां तेथें कोणी आजारी पडलें तर त्याला कोठें ठेवावयाचें, ह्याचीही विचारपूस करूं. क्रूस उभारणाऱ्यांनीं तो आपल्या घरांत ठेविला नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांसाठीं वाटेवर उभा केला.