श्रोता कोण? सातारा-सांगलीच्या नभोवाणीवरील बदलते संगीत

नाटकाचा आणि नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे साक्षेपाने लिहिला गेला; नभोवाणीवर कोणत्या काळी कोणते गाणे वाजले आणि ते का बदलले, हा प्रश्न मात्र साहित्याच्या अभ्यासकांना क्वचितच आपला वाटला. वास्तविक केंद्राचा संगीतक्रम ही एक संपादित संहिताच असते. तिच्यात काय ऐकवले जाते, याइतकेच ऐकणारा कोण मानला आहे, हेही वाचता येते. कृष्णाकाठच्या सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात आम्ही तसे वाचन करू पाहतो.

हा परिसर गाण्याला नवखा नाही. बालगंधर्वांचे नागठाणे इथलेच. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि मिरजेची तंतुवाद्ये देशभर गेली. तरीही १९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले, तेव्हा श्रोत्याला आधी शिकवले पाहिजे, ही भूमिका धोरणात उतरली. चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे वळला. त्याच साली तेथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. केसकरांच्या काळाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. शेटफळ्याच्या गदिमांचे ‘गीतरामायण’ १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून ५६ गीतांतून घरोघर पोहोचले. श्रोत्याला विद्यार्थी मानणाऱ्या नभोवाणीचीच ही देणगी होती.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली ‘विविध भारती’ म्हणजे सिलोनपुढे घेतलेली माघार होती. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून या सेवेवर जाहिराती आल्या आणि विद्यार्थी मानला गेलेला श्रोता ग्राहक झाला. तथापि फर्माईश पाठवणाऱ्याचे नाव आणि गाव अजून उच्चारले जात होते, हे ध्यानात घ्यावे. १९६३ पासून मध्यम लहरींवर बोलणाऱ्या आकाशवाणी सांगलीवर शेतीच्या सल्ल्याशेजारी भावगीत, भजन आणि लोकगीत नांदत होते. त्या क्रमाला आजच्या अर्थाने ‘फॉरमॅट’ म्हणता येणार नाही. एकाच दिवसात निरनिराळ्या अभिरुचींना शेजारी बसवणारी ती पंगत होती.

ही पंगत खासगी एफएमने मोडली. २००५ च्या धोरणाने शहरांची प्रतवारी प्रामुख्याने लोकसंख्येवरून केली. तीन ते दहा लाखांची शहरे ‘क’ वर्गात गेली. या टप्प्यातून सांगलीत ‘रेडिओ सिटी ९१.१’ आली. खासगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असल्यामुळे संगीत हाच त्यांचा मुख्य माल ठरला, आणि अनेक शहरांत केंद्रे असणाऱ्या कंपनीला सर्वत्र चालणारे गाणे सोयीचे असते. निवेदकाची बोली स्थानिक राहू शकते; गाण्यांची यादी तशी राहीलच असे नाही. लोकसंख्येच्या प्रतवारीला मिरज आणि दुसरे कोणतेही तेवढेच शहर यांत फरक दिसत नाही. म्हणून प्रश्न चित्रपटगीताच्या उच्च-नीचतेचा नाही. केसकरांनी तो तसा मांडला आणि ते हरले. प्रश्न गावाचे नाव गाण्याच्या निवडीतून पुसले जाण्याचा आहे.

याच मुलखात त्याला एक प्रत्युत्तर मिळाले. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे २००८ साली ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक केंद्र ९०.४ वर सुरू झाले. त्याचा पल्ला थोडा आणि जाहिरातींवर मर्यादा. पण माणदेशातील माणसे तिथे केवळ ऐकत नाहीत, गातात आणि बोलतात.

विद्यार्थी, ग्राहक, लोकसंख्येतील आकडा आणि अखेरीस स्वतः गाणारा, अशी ही श्रोत्याची रूपे आहेत. ती सरळ चढत्या क्रमाने येत नाहीत, आजही एकमेकांशेजारी वावरतात. वाचकाच्या भूमिकेची चर्चा आपण वर्गात आवर्जून करतो. तीच कसोटी नभोवाणीला लावली, तर अभिजात आणि लोकप्रिय या जोडीपलीकडचा एक प्रश्न समोर येतो : निवड कोणाच्या हाती आहे? अभिरुचीचा इतिहास लिहिताना हा प्रश्न टाळता येणार नाही, असे आम्हाला वाटते.