सांभाळणाऱ्यांचा उशिरा लिहिलेला इतिहास

सासूबाई गेल्यानंतर कपाट आवरताना त्यांच्या आजारपणाची वही हाती आली. दोनशे पानी, पुठ्ठा निघालेली. सहा वर्षांच्या नोंदी : सकाळच्या गोळ्या, पोट साफ झाले की नाही, किती पोळ्या खाल्ल्या, रात्री किती वेळा उठल्या, डॉक्टरांची पुढची तारीख. अक्षर सगळे माझे. मात्र त्या वहीत मी कुठेच नव्हते. अठ्ठावीस वर्षे मी महाविद्यालयात इतिहास शिकवला. कागद कोणी लिहिला आणि त्यात कोण गैरहजर आहे, हे दोन्ही बघा, असे मुलांना सांगत आले. स्वतःच्या हातच्या कागदाला तो नियम लावायला मला एवढा वेळ लागला.

सासूबाईंना स्मृतिभ्रंश होता. शेवटच्या वर्षी मी दूध तीनदा जाळले, घरातल्या माणसांशी बोलणे जवळजवळ बंद केले आणि एका पहाटे, चौथ्यांदा चादर बदलताना, त्यांच्यावर हात उगारला. मारला नाही, पण उगारला. हे आजवर कोणाला सांगितले नव्हते. त्या पहाटेनेच मला या शोधाकडे वळवले : घरी म्हाताऱ्या माणसाचे करणाऱ्याचे मन हा विचारात घेण्याचा विषय आहे, हे पहिल्यांदा कोणाच्या, कधी लक्षात आले?

पहिली अडचण शब्दाची. मराठीत या माणसाला रुळलेले नाव नाही. 'काळजीवाहक' हा शब्द सरकारी कागदात भेटतो, आणि 'काळजीवाहू' म्हटले की आपल्याला मुख्यमंत्रीच आठवतो. घरात आपण म्हणतो, "तीच करते त्यांचं सगळं." नाव नसले की मोजदाद होत नाही, आणि मोजदाद नसली की धोरणही होत नाही. मी इथे 'सांभाळणारी' आणि 'सांभाळणारा' असेच म्हणणार आहे.

इंग्लंडमध्ये ही मोजदाद सुरू झाली ती मेरी वेबस्टर या बाईंमुळे. त्या कॉंग्रिगेशनल पंथाच्या धर्मोपदेशक होत्या. १९५४ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, वृद्ध आईवडिलांना सांभाळण्यासाठी त्यांनी काम सोडले. नऊ वर्षे तेच केले आणि १९६३ मध्ये वृत्तपत्रांना व संसद सदस्यांना पत्रे लिहिली. अविवाहित मुलगी नोकरी सोडून घरी बसते, तिचे उत्पन्न थांबते, निवृत्तिवेतन बुडते, मैत्रिणी तुटतात, आणि आईवडील गेल्यावर ती पन्नाशीत एकटी व कफल्लक उरते, असे त्यांचे म्हणणे. उत्तरादाखल शेकडो बायकांची पत्रे आली. प्रत्येकीला वाटत होते की हे आपल्या एकटीच्याच घरात चालले आहे. १९६५ मध्ये त्यातून अविवाहित स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठीची राष्ट्रीय परिषद उभी राहिली. वेबस्टरबाई १९६९ मध्ये, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेल्या.

परिषदेचा मोठा विजय त्यांच्या पश्चात आला. १९७६ पासून ब्रिटनमध्ये घरी सांभाळणाऱ्याला 'इनव्हॅलिड केअर अलाउन्स' नावाचा भत्ता मिळू लागला. मात्र विवाहित स्त्रियांना तो नव्हता. त्या तशाही घरीच असतात, मग भरपाई कशाची, असा युक्तिवाद. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. माझ्याच घरातले वाक्य साहेबाच्या सरकारी भाषेत छापलेले होते. जॅकलिन ड्रेक या विवाहित बाईंकडे १९८४ मध्ये अपंग आई राहायला आली, त्यांनी काम सोडले आणि भत्ता मागितला. तो नाकारला गेला. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचले. २४ जून १९८६ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकारने आदल्याच दिवशी विवाहित स्त्रियांना भत्ता देण्याचे जाहीर करून टाकले होते. हरणार हे कळल्यावर उदार होण्याची रीत सगळीकडे सारखीच.

हा झाला पैशाचा इतिहास. मनाचा इतिहास वेगळ्या वाटेने आला. मनोरुग्णांना मोठ्या रुग्णालयांत ठेवण्याऐवजी घरी ठेवून उपचार करावेत, हा विचार पन्नाशीच्या दशकात इंग्लंडात जोर धरत होता. चिचेस्टर भागात तशी सेवा सुरू झाली. जॅकलिन ग्रॅड आणि पीटर सेन्सबरी यांनी तिथल्या घरांची तुलना सॅलिसबरीच्या जुन्या, रुग्णालयावर भर देणाऱ्या पद्धतीशी केली आणि १९६३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. रुग्णाबरोबर घरालाही प्रश्न विचारणारा हा आरंभीचा अभ्यास. घरी ठेवण्याची नवी पद्धत रुग्णाला मानवत असली तरी घराचा भार तिने नेहमीच हलका होत नाही, हे त्यांच्या कामातून पुढे आले. 'घरी ठेवा' म्हणणाऱ्यांनी घरात कोण आहे, हे विचारले नव्हते.

तो भार मोजण्याची फूटपट्टी अमेरिकेत तयार झाली. १९८० मध्ये स्टीव्हन झेरिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या २९ वृद्धांच्या सांभाळणाऱ्यांना २९ प्रश्न विचारले. पुढे ते २२ वर आले आणि जगभर वापरले जाऊ लागले. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, राग येतो का, याहून अधिक करायला हवे होते असे वाटते का, अशा धर्तीचे प्रश्न. अपेक्षा अशी की रुग्ण जितका त्रास देईल तितका भार जास्त. तसे आढळले नाही. रुग्णाच्या वागण्यातल्या अडचणींशी भाराचा संबंध दिसला नाही. तो दिसला तो एका साध्या गोष्टीशी : बाकीचे नातेवाईक किती वेळा भेटायला येतात.

२९ घरांवरून मोठा निष्कर्ष काढू नये, हे मला कळते. तरी मी उठून ती वही काढली. कोण आले-गेले तेही मी लिहीत असे, कारण सासूबाईंच्या जेवणाची वेळ त्यामुळे चुकायची. शेवटच्या वर्षात नात्यातली माणसे अकरा वेळा आली होती. त्यातल्या पाच भेटी एकाच आठवड्यातल्या, त्या रुग्णालयात होत्या तेव्हाच्या. हात उगारला ती पहाट वहीत नाही, पण तारीख मला पाठ आहे. तिच्या आधीचे एकेचाळीस दिवस आमच्या दाराची घंटा फक्त दूधवाल्याने आणि गॅसवाल्याने वाजवली होती.

१९९९ मध्ये रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी याची आणखी कठोर बाजू मांडली. ६६ ते ९६ वयाच्या माणसांचा त्यांनी चार वर्षे मागोवा घेतला होता. जोडीदाराला सांभाळताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचा धोका न सांभाळणाऱ्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला.

आपल्याकडे याच काळात काय चालले होते? मराठी रंगभूमीने वृद्धाचे दुःख १९७० मध्ये 'नटसम्राट'मध्ये असे उभे केले की अर्धशतक आपण अप्पांच्याच खुर्चीतून घराकडे बघत राहिलो. त्या खुर्चीतून सून कशी दिसते, ते सर्वांना ठाऊक आहे. मुलीच्या बाजूने बघणारा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' यायला २०१३ उजाडले. स्मृतिभ्रंश झालेले वडील हरवतात तेव्हा आपण वडिलांबरोबर हत्तीमागे जातोच, पण मुलीच्या घालमेलीतही थांबतो. कायद्याचेही तसेच. २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा गरजेचा आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यात न्यायाधिकरण आहे, चरितार्थाची रक्कम आहे, वृद्धाला टाकून देणाऱ्याला शिक्षा आहे. न टाकता सांभाळत राहणाऱ्याच्या थकव्याबद्दल त्यात काही नाही.

म्हणूनच शेजारच्या गोव्यातले काम मला मोलाचे वाटते. १९९८ मध्ये कोचीत जगभरचे संशोधक जमले आणि त्यातून '१०/६६' हा गट निघाला. नावातच तक्रार आहे : स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील अभ्यासात लोकांना स्मृतिभ्रंशाबद्दल विचारले होते. ही लक्षणे लोकांच्या ओळखीची होती, पण आजार म्हणून नव्हे. म्हातारपणच ते, किंवा मुलांनी छळले, दुर्लक्ष केले, प्रेम दिले नाही म्हणून झाले, अशी समजूत. म्हणजे जी रात्ररात्र जागते तिच्याच माथी आजाराचा दोष. आमच्याकडे एका लांबच्या आत्याबाईंनी नेमके हेच विचारले होते, "आधी तर बऱ्या होत्या, तुमच्याकडे आल्यावरच कशा हो अशा झाल्या?"

मग अमित डायस आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत ८१ कुटुंबे घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दैवावर सोपवून, ४१ कुटुंबांना मदत लगेच दिली आणि उरलेल्यांना सहा महिन्यांनी देण्याचे ठरवले. मदत करणारे डॉक्टर नव्हते. बारावी झालेली, स्थानिक भाषा बोलणारी, वृद्धांसाठी काम करायची इच्छा असलेली माणसे. त्यांना आठवडाभराचे कसून प्रशिक्षण दिले, पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ ठेवला. पंधरवड्यातून किमान एकदा घरी जायचे. आजार काय आहे ते सांगायचे, चिडचिड-भटकणे कसे हाताळावे ते दाखवायचे, लागलेच तर तज्ज्ञाकडे पाठवायचे, सरकारी योजनांची माहिती द्यायची, आणि सांभाळणाऱ्याचे ऐकायचे.

२००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या सहा महिन्यांत १८ वृद्ध दगावले होते. ५९ कुटुंबे शेवटपर्यंत राहिली. ज्यांच्या घरी माणूस जात होता, त्या सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य ठळकपणे सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा होणारा मनस्ताप कमी झाला. वृद्धांच्या वागण्यात मात्र तसा ठळक फरक पडला नव्हता. झेरिटच्या फूटपट्टीवरचा भारही थोडाच उतरला, खात्रीने सांगण्याइतका नाही. आजार तोच आणि कामही तेवढेच, तरी करणारी व्यक्ती सावरली. यात महागडे असे काहीच नव्हते, आणि मला अजून अस्वस्थ करते ते हेच.

आमच्या गल्लीत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर नव्वदीच्या वडिलांना एकटे सांभाळतात. गेल्या श्रावणापासून मी दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. पहिल्या दिवशी त्यांनी वडिलांचा रक्तदाब, साखर, औषधे सगळे तोंडपाठ सांगितले. मी विचारले, "आणि तुम्ही कसे आहात? झोप होते का?" ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग गोळ्यांचा डबा बंद करून म्हणाले, "बाई, थांबा, आधी चहा टाकतो."