पांडु, वृक्क आणि लोह

सातारा व सांगली हे जिल्हे आज स्वतंत्र असले, तरी १९४९ साली बनलेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यास सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात तर या प्रदेशाचा विचार एकत्रच करावा लागतो. डॉ. वानलेस यांचे मिरजेतील रुग्णालय १८९४ चे. साताऱ्याचे आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय १९१६ चे. त्यातील ‘आर्यांग्ल’ या एका समासातच दोन वैद्यकांना एका छपराखाली आणण्याची त्या काळची आकांक्षा व्यक्त झाली आहे.

आज या भागातील डायलिसिस केंद्रांत मूत्रपिंडाच्या रोग्याचे रक्त यंत्रातून शुद्ध होत असतानाच त्याच नळीवाटे लोहाची मात्रा दिली जाते. त्यावर, ‘यात नवे ते काय? पांडुरोगावर लोह चरकानेच सांगितले आहे,’ असा अभिप्राय पुष्कळदा ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही. परंतु तपासून पाहण्याजोगा खास आहे, आणि त्या तपासणीचा आरंभ शब्दांपासून करणे इष्ट होय.

‘पांडु’ हा शब्द वर्णाचा, कारणाचा नव्हे. फिकट-पिवळसर त्वचेवरून रोगास हे नाव पडले. मोनियर विल्यम्ससारख्या कोशकारांनी त्याचा अर्थ कावीळ असा दिला. वस्तुतः ‘कावीळ’ जिच्यापासून आली ती ‘कामला’ चरकाने पांडुरोगाच्याच प्रकरणात, परंतु वेगळी वर्णिलेली आहे. ‘रक्तक्षय’ हा अलीकडे रूढ झालेला शब्द वर्ण सोडून उणिवेकडे बोट दाखवतो. तथापि उणीव कोणत्या कारणाने, हे तोही सांगत नाही.

चिकित्सास्थानाच्या सोळाव्या अध्यायातील पुनर्नवामंडूर हा योग येथे विशेष विचारात घ्यावा लागतो. मंडूर म्हणजे लोखंडाचा जुना, गंजलेला मळ. पुनर्नवा, त्रिफळा, हळद इत्यादी द्रव्यांसह तो गोमूत्रात शिजवून गोळ्या करावयाच्या व ताकाबरोबर द्यावयाच्या. (हळदीच्या पेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या सांगलीस यातील एक घटक तरी दुरून आणावा लागत नसे.) या योगाच्या फलश्रुतीत पांडूबरोबर शोथाचाही, म्हणजे सुजेचाही, उल्लेख आहे. फिकटपणा व सूज एकत्र हे तर मूत्रपिंडाच्या रोग्याचे रोजचे चित्र! मग प्राचीनांस हा संबंध ठाऊक होता काय?

उत्तर विमानस्थानात मिळते. तेथे वृक्कांस मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हटले आहे. मूत्रवह स्रोतसांची मुळे बस्ती व वंक्षण ही होत. म्हणजे ज्या अवयवास आज आपण ‘मूत्रपिंड’ म्हणतो, त्याचा मूत्राशी संबंध त्या विचारव्यवस्थेत मांडलेलाच नव्हता. ‘मूत्रपिंड’ या नावात आधुनिक शरीरशास्त्राचा निष्कर्ष आधीच सामावलेला आहे, आणि ते नाव वापरून चरक वाचला की आपलेच ज्ञान आपणांस तेथे सापडू लागते. निरीक्षण प्राचीनांचे, आणि ते सूक्ष्म. कारणमीमांसा मात्र त्यांची नव्हे. रिचर्ड ब्राइटनेही १८३६ च्या सुमारास मूत्रपिंडाच्या रोग्यांचा फिकटपणा नोंदविला. त्यालाही कारण सांगता आले नव्हतेच.

ते कारण विसाव्या शतकात उलगडले. रक्तपेशींच्या निर्मितीस चालना देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडांत तयार होते. ते १९७७ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. तोवर अशा रोग्यांस वारंवार परक्याचे रक्त देणे हाच मोठा आधार होता. संप्रेरक मिळताच लोहाची गरज एकाएकी वाढली. चालना मिळाली, पण कच्चा माल अपुरा! डायलिसिसमध्ये थोडे थोडे रक्त वाया जातच असते. शिवाय २००० नंतर ज्ञात झालेले हेप्सिडिन हे द्रव्य या रोग्यांत वाढलेले असते. ते आतड्यातून लोह शोषू देत नाही व साठ्यातले सुटू देत नाही. मंडूर असो वा आधुनिक गोळी, तोंडाची वाट येथे अर्धी बंद असते.

शिरेची वाट मात्र सुखाची नव्हती. आरंभीच्या लोहक्षारांची इंजेक्शने विषारी ठरली. १९५४ मध्ये आलेल्या आयर्न डेक्स्ट्रानमुळे मोठी मात्रा देणे साधले. परंतु स्नायूत दिल्यास वेदना व कातडीवर डाग, आणि क्वचित प्राणघातक प्रतिक्रिया, असा त्याचा लौकिक झाला. पुढे आयर्न सुक्रोजसारखी अधिक सुरक्षित संयुगे रुळली. किती द्यावे, हा वाद तरीही उरला, कारण जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील पिव्होटल अभ्यासात २,१४१ रोग्यांपैकी ज्यांना दरमहा ४०० मिलिग्रॅम लोह नियमाने दिले गेले, त्यांना संप्रेरक कमी लागले आणि मृत्यू व हृदयविकाराच्या घटनाही वाढल्या नाहीत. मात्र फेरिटिन ७०० च्या वर गेल्यास मात्रा थांबविली जात असे. म्हणून दर महिन्याची रक्ततपासणी हा त्या उपचाराचाच भाग होता.