कडाक्याच्या थंडीत मच्छीमाराचा फोटो काढताना कॅमेरा कुठे चुकतो?

श्रीनगरच्या आंचार सरोवरात हिवाळ्यात मासेमारीची एक वेगळीच पद्धत बघायला मिळते. मच्छीमार होडीच्या टोकाशी ओणवा होतो, डोक्यावरून घोंगडी ओढतो आणि हातात भाला धरून पाण्यात बघत थांबतो. घोंगडीच्या अंधारामुळे पाण्यावरचं आकाशाचं प्रतिबिंब अडतं आणि खालचा मासा दिसतो. आपण पोलरायझर फिल्टर लावतो तो साधारण याच कामासाठी!

21 डिसेंबरपासून तिथे चिल्लई कलान, म्हणजे सर्वात कडक थंडीचे 40 दिवस सुरू होतात. पहाटेचं तापमान शून्याखाली. अशात तुम्ही फोन काढता, बॅटरी 35 टक्के दिसते, दोन फोटो होतात आणि फोन बंद.

बॅटरी संपलेली नसते. थंडीत लिथियम-आयन बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. कॅमेरा ॲप एकदम जास्त करंट मागतं, व्होल्टेज कोसळतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. टक्केवारी हा शेवटी सॉफ्टवेअरचा अंदाज असतो. ॲपलने आयफोन वापरण्यासाठी 0 ते 35 अंश सेल्सिअस हीच मर्यादा सांगितली आहे. म्हणून फोन किंवा कॅमेऱ्याची जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. (फेरनच्या आत कांगडी घेतली असेल तर तिच्याजवळ मात्र नको, त्यात निखारे असतात.) गारठलेल्या फोनला लगेच पॉवर बँकही लावू नका. शून्याखाली चार्जिंग केल्यास बॅटरीत धातूरूप लिथियमचा थर साचू शकतो आणि ते नुकसान कायमचं असतं.

दुसरी चूक एक्स्पोजरची. समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं मीटर धरून चालतो. बर्फ आणि धुकं दिसलं की तो फोटो गडद करतो. बर्फ राखाडी, चेहरा काळा. एक्स्पोजर +1 वर न्या. फोनवर चेहऱ्यावर टॅप करून स्लायडर थोडा वर सरकवा. रॉ फाइल मिळत असेल तर तीच घ्या, निळसर झाक नंतर काढता येते.

धुक्यात ऑटोफोकस भरकटतो, कारण त्याला कॉन्ट्रास्ट लागतो. घोंगडीची किंवा होडीची कड पकडून फोकस लॉक करा. नाइट मोड टाळा: तो अनेक फ्रेम जोडतो आणि तुमचीही होडी हलत असते. मच्छीमार स्थिर असला तरी शटर 1/250 सेकंद ठेवा, भाला फेकताना 1/1000. आयएसओ वाढला तर वाढू द्या, हललेल्या फोटोपेक्षा दाणेदार फोटो परवडला.

आणि हो, आधी विचारा, मग लांबूनच काढा. तुमच्या होडीच्या लाटेने मासा पळाला तर त्याची तासाभराची मेहनत वाया जाते. झूम लेन्स इथे हौस नाही, गरज आहे.

परतल्यावर बुखारीने तापलेल्या खोलीत थंड कॅमेरा उघडा नेलात तर हवेतली वाफ लेन्सवर आणि आतही पाणी बनून बसते. बाहेरच झिपच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, एक-दोन तास, पिशवी उघडू नका. मेमरी कार्ड तेवढं आधी काढून घ्या, म्हणजे फोटो बघायला थांबावं लागणार नाही.