इस्मेनीची बाजू

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला चार महिने राहिले. बाहेर बर्फ आणि घरात रिकामपण. तेव्हा नात शाळेतून आली की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिच्यासमोर बसायचे आणि तिचा अभ्यास न्याहाळायचा, हाच माझा उद्योग होऊन बसला. ती हायस्कुलात दहाव्या इयत्तेत. तिकडे दहावीला आपल्यासारखे बोर्डाचे संकट नसते. त्यामुळे एकच पुस्तक तीन-तीन आठवडे वाचीत बसण्याची चैन मुलांना परवडते. एके दिवशी तिच्या इंग्रजीच्या तासाचे पुस्तक दिसले, आणि मी चष्मा पुसून ते पुन्हा पाहिले. सोफोक्लीजचे 'अँटिगनी'! अडीच हजार वर्षांपूर्वीचे ग्रीक नाटक, डडली फिट्स आणि रॉबर्ट फिट्झजेरल्ड या दोघांनी १९३९ साली इंग्रजीत आणलेले.

मी स्वतः पुण्यात तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. ग्रीस म्हणजे आमच्या लेखी दोन तासांत उरकण्याचा धडा. मॅरेथॉनची लढाई, पेरिक्लीज, सॉक्रेटिसाचा विषाचा पेला, की झाले! तेव्हा म्हटले, आता नातीच्या वर्गात आपणही नाव घालावे.

नाटकाची कथा थोडक्यात सांगते. थीब्ज नगरीच्या गादीसाठी दोघे सख्खे भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. गादीवर त्यांचा मामा क्रेऑन बसला. नगराच्या बाजूने लढलेल्या भाच्याचे त्याने सन्मानाने दफन केले; आणि नगरावर चालून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर टाकण्याची आज्ञा केली. जो त्याला पुरील, त्याला देहान्त शासन! मागे दोघी बहिणी उरल्या, अँटिगनी आणि इस्मेनी. अँटिगनी गेली आणि भावाच्या देहावर कोरडी धूळ पसरून आली. आपल्या भाषेत 'मूठमाती देणे' म्हणतात, ते तिने अक्षरशः केले. ती पकडली गेली. क्रेऑनने तिला जिवंतपणी गुहेत कोंडले, तिथे तिने गळफास घेतला. तिच्याशी लग्न ठरलेला तिचा मामेभाऊ, म्हणजे राजाचाच मुलगा, तिला कवटाळून मेला. आणि ते ऐकून राणीने प्राण दिला.

नातीच्या बाईंनी वर्गाचे दोन तट पाडले होते. एक क्रेऑनचा, दुसरा अँटिगनीचा. प्रत्येकाने आपली बाजू मांडून निबंध लिहायचा. नात म्हणाली, "आजी, क्रेऑनच्या बाजूला कुणीच जायला तयार नाही. तो व्हिलन आहे ना!"

इथे माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटले, बाई गं, हे नाटक पाहायला जे बसले होते, त्यांना तो इतका सहज खलपुरुष वाटला नसेल.

हे नाटक इ. स. पू. ४४१ च्या सुमाराचे मानतात. अथेन्सला वसंत ऋतूत डायोनायसस या देवाचा मोठा उत्सव भरे, आणि अक्रॉपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर उघड्या आकाशाखाली नाटके होत. नट सगळे पुरुष, तोंडावर मुखवटे, अँटिगनीसुद्धा पुरुषच. बालगंधर्वांच्या मुलखातल्या माणसाला त्याचे नवल नको! पण त्या नाटकांआधी काय होई, ते ऐकण्यासारखे आहे. अंकित नगरांकडून आलेली खंडणी सर्वांसमोर मांडली जाई. लढाईत बाप गमावलेली आणि नगराच्या खर्चाने वाढलेली मुले वयात आली की त्यांना चिलखते घालून तिथे मिरवीत. म्हणजे नगरासाठी मेलेल्यांचा गौरव आधी डोळ्यांसमोर. आणि मग नाटकातला प्रश्न, की नगरावर उलटलेल्याच्या प्रेताचे काय करायचे.

हा प्रश्न त्यांना पुराणातला वाटण्याचे कारण नव्हते. इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवून ज्याने अथेन्स वाचवले, त्या थेमिस्टोक्लीजवरच पुढे देशद्रोहाचा ठपका आला. तो इराणच्या राजाच्या आश्रयाला गेला आणि तिकडेच वारला. असा माणूस अथेन्सच्या भूमीत पुरायला कायद्याने बंदी होती. थ्युसिडिडीज हा इतिहासकार लिहितो की, त्याच्या आप्तांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी त्याच्या अस्थी गुपचूप आणून मायदेशी पुरल्या. ही गोष्ट नाटकाच्या जेमतेम वीस वर्षे आधीची. प्रेक्षकांत बसलेल्या किती जणांना अँटिगनीची मूठभर माती पाहून त्या अस्थी आठवल्या असतील!

आणि स्वतः नाटककार? तो काही सत्तेपासून दूर राहणारा कवी नव्हता. इ. स. पू. ४४१-४४० मध्ये सामोस बेटाचे बंड मोडायला पेरिक्लीजबरोबर जे सेनापती निवडले होते, त्यांत सोफोक्लीज होता. आज्ञा देणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच क्रेऑनचे पहिले भाषण पोकळ नाही. नगराचे हित हे आप्त-मित्रांच्याही वर, असे तो सांगतो. जवळजवळ शंभर वर्षांनी, इ. स. पू. ३४३ मध्ये, डेमॉस्थिनीस या वक्त्याने भर न्यायालयात तेच भाषण वाचून दाखवायला लावले, ते चांगल्या नागरिकाचा धडा म्हणून! त्याचा प्रतिपक्षी एस्किनीस हा पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑनचे काम केले होते. ते बोलणे तू विसरलास, असा तो टोमणा होता. आपल्या काळात रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केले, तेव्हा क्रेऑन झाले होते नेल्सन मंडेला. १९९४ साली निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी ते नमूद केले आहे.

नात डोळे विस्फारून ऐकत होती. मला वाटले, आता ही क्रेऑनची बाजू घेणार. पण तिने वही मिटली आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंना कुणी ना कुणी आहे. इस्मेनीच्या बाजूला कुणीच नाही. मी तिच्यावर लिहिते."

मग आम्ही दोघींनी इस्मेनीची पाने शोधून पुन्हा वाचली. फार थोडी आहेत. पहिल्याच प्रवेशात ती बहिणीला म्हणते की आपण बायका, पुरुषांशी काय लढणार. सत्ता ज्यांच्या हाती, त्यांचे ऐकले पाहिजे. मेलेल्यांची मी क्षमा मागेन. बहीण पकडली गेल्यावर मात्र ती धावत येते आणि म्हणते, मीही केले, मलाही मरू दे. अँटिगनी तिला झिडकारते. तू जगणे निवडलेस, मी मरणे! पुढे क्रेऑन इस्मेनीला सोडून देतो. आणि त्यानंतर नाटकात ती पुन्हा येतच नाही. तिचे काय झाले, हे कुणी विचारीत नाही. मरणाकडे जाताना अँटिगनी स्वतःला राजघराण्यातली शेवटची म्हणवते. बहीण जिवंत असताना!

नातीने पेन्सिल खाली ठेवली. "आजी, तू असतीस तर गेली असतीस?"

तिला काय ठाऊक, की ती कुठे बोट ठेवते आहे.

२०२१ च्या एप्रिलअखेर माझा धाकटा भाऊ सांगलीला करोनाने गेला. मी पुण्यात. चार-पाच तासांचा रस्ता. त्याला कुणी नेले, कसे नेले, मी पाहिले नाही. त्यानंतर जो कुणी भेटायला येई, त्याला मी एकच सांगत असे: काय करणार, जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. ऐकणारा मान हलवी. त्या दिवसांत ते वाक्य घरोघरी होते, आणि बहुतेक घरी खरेही होते.

माझ्या बाबतीत ते खरे नव्हते. बंदी होती, पण जवळच्या माणसाच्या अंत्यविधीसाठी जायला मुभा होती. मी अर्जच केला नाही. मी घाबरले होते. वय, रक्तदाब, साखर. आणि आमच्याकडे बायका कुठे स्मशानात जातात, ही जुनी सबबही हाताशी होतीच. इस्मेनीसुद्धा तेच म्हणते, आपण बायका! पण तिच्यासमोर निदान एक क्रेऑन उभा होता. माझ्या दारात कुणीच नव्हते. मीच एक क्रेऑन उभा केला आणि चार वर्षे त्याच्यामागे लपून राहिले.

हे सारे मी नातीला सांगितले. ती पोर काही बोलली नाही. उठून माझ्याजवळ येऊन बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "इस्मेनी नंतर आली होती ना, आजी? उशिरा का होईना."

हेच वाक्य तिने निबंधाच्या शेवटी लिहिले. बाईंना ते आवडले असे कळले.

त्या रात्री, इकडे सकाळ झाली होती तेव्हा, मी सांगलीला भावजयीला फोन केला आणि खरे ते सांगून टाकले. पलीकडे क्षणभर काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "मला ठाऊक होते, वन्सं. दिवाळीला या."

इतिहास शिकवताना मी मुलांना सांगत असे की, प्रत्येक प्रसंगाच्या दोन बाजू असतात. आता शिकवायला उभी राहिले तर सांगेन की, तिसरीही असते, आणि आपण बहुतेक जण त्याच बाजूला उभे असतो. जो लढला त्याचे नाव उरते, ज्याने आज्ञा केली त्याचेही उरते. जो घरी राहिला त्याला मात्र नाटक संपल्यावरही जगायचे असते. त्याने निदान सबब खरी म्हणून सांगू नये.

यंदा भाऊबीजेला मी सांगलीत असेन. भाऊ नसेल तर बहिणीने चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. चार वर्षे पुण्याच्या गच्चीवरून ओवाळले. यंदा त्याच्या अंगणातून ओवाळीन. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. सूर्यामागोमाग ती मावळते. तेव्हा निरांजन लवकर लावले पाहिजे.