घटस्फोट, पुरावा आणि एक पुणेकर न्यायमूर्ती

मागच्या शनिवारी एका मित्राने घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा वाचायला दिला. "तू दिवसभर रिक्वायरमेंट्स वाचतोस, मग हेही वाच." क्रूरता या मथळ्याखाली पानंच्या पानं. कोण काय बोललं, कोणी कोणाच्या आईचा फोन घेतला नाही. वाचून मला एकच प्रश्न पडला: चार भिंतींतलं हे सगळं कोर्टात सिद्ध कसं करणार?

शोधता शोधता एका पुणेकराशी गाठ पडली. यशवंत विष्णु चंद्रचूड. जन्म १९२०, पुण्यातच. शाळा नूतन मराठी विद्यालय, वकिलीचं शिक्षण आयएलएस लॉ कॉलेजात. १९४३ पासून मुंबई हायकोर्टात वकिली, १९६१ ला न्यायाधीश, १९७२ ला सुप्रीम कोर्ट आणि १९७८ ते १९८५ सरन्यायाधीश. एवढा काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणीही बसलेलं नाही.

तर १९७५ चा 'दास्ताने विरुद्ध दास्ताने'. लग्न पुण्यातलं, १९५६ चं. नवरा १९६२ साली पुण्याच्या कोर्टात गेला. तिथे जिंकला, जिल्हा न्यायालयात हरला, हायकोर्टातही हरला. हायकोर्टाचं म्हणणं, क्रूरता संशयाला जागा न उरेल इतकी सिद्ध व्हायला हवी. म्हणजे खुनाच्या खटल्यात लागतो तसा पुरावा! आमच्या भाषेत थ्रेशोल्डच चुकीचा सेट केलेला.

चंद्रचूडांनी तो बदलला. हा दिवाणी वाद आहे, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते बघा, म्हणाले. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त आवडली: कोर्टाने आदर्श नवरा-बायको डोळ्यापुढे ठेवून मोजमाप करू नये, समोर उभे आहेत त्या दोघांकडे बघावं. आदर्श जोडप्याला कोर्टात यायची वेळ येतेच कशाला? :)

गंमत म्हणजे (त्या दोघांना अर्थातच गंमत वाटली नसेल) बायकोचं वागणं क्रूरतेत बसतं असं म्हणूनही नवरा हरलाच. कारण त्यानंतरही दोघं एकत्र नांदले, म्हणजे त्याने ते माफ केलं असं कोर्टाने धरलं. तेरा वर्षं कोर्टात काढून हातात काय, तर तेच लग्न.

पण याच माणसाने १९८५ मध्ये व्यभिचाराचं कलम ४९७ कायम ठेवलं. तो खटलाही मूळ एका मोडलेल्या संसारातून आलेला. बायकोच्या प्रियकरावर नवरा फिर्याद करू शकतो, पण नवऱ्याच्या प्रकरणात बायकोला तो हक्क नाही. समोरच्या माणसांकडे बघा म्हणणाऱ्याला यातली बाई दिसली नाही, हे मला पटत नाही. २०१८ साली ते कलम रद्द झालं, आणि त्या पाच न्यायाधीशांत त्यांचा मुलगा धनंजय चंद्रचूड होता.

असो. परस्पर संमतीने घटस्फोटाची सोय हिंदू विवाह कायद्यात आली ती १९७६ साली, दास्ताने निकालाच्या पुढच्या वर्षी. मित्राला म्हटलं, ही पानं राहू दे बाजूला, आधी तिला फोन कर. त्याने अजून केलेला नाही.